पाटाला दिलेली गोळी

वत्सलाबाई मयेकर गेल्या, तेव्हा आश्रमाच्या विश्वस्तांनी गावातल्या साप्ताहिकात चार ओळी छापल्या. त्यांत बाईंना 'शांत, मनमिळाऊ आणि श्रद्धाळू' म्हटलं होतं. बाई शांत नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. श्रद्धेबद्दल बोलायचं, तर त्यांची श्रद्धा ज्या गोष्टींवर होती, त्या विश्वस्तांना परवडणाऱ्या नव्हत्या. गेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. बाईंना ते फार लागलं असतं. म्हणून त्यांच्या वतीने हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका वाचनालयात नोकरीला होतो. गावाबाहेर टेकडीवर, काजूंच्या मध्ये, जांभ्या दगडाची एक लांबट इमारत होती. तिथे वृद्धाश्रम चालत असे. दर गुरुवारी दुपारी पुस्तकांची पिशवी घेऊन मी तिथे चढून जायचो. बहुतेकांना पोथ्या हव्या असत. बाईंना खून हवे असत. रहस्यकथेचं पुस्तक हातात घेतलं, की त्या आधी शेवटचं पान आहे ना, एवढंच उलटून बघत, वाचत नसत. एकदा मी शेवटची पानं गळालेलं पुस्तक नेलं, तर पुढच्या गुरुवारी त्यांनी ते माझ्या पिशवीत परत टाकलं आणि म्हणाल्या, "लायब्ररी, खुनी सापडत नसेल तर माणूस मारता कशाला?"

मला त्या 'लायब्ररी' म्हणत. नाव माहीत असूनही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

उंच, काळ्यासावळ्या, हाडापेराने मजबूत. चष्म्याला दोरी बांधलेली. आवाज मात्र शरीराहून मोठा होता, कारण उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात घालवली होती. एक्स्चेंजमधला कानावरचा हेडफोन उतरवून वर्षं झाली, तरी त्या प्रत्येकाशी मुंबईच्या माणसाशी बोलावं तसं बोलत. लग्न केलं नव्हतं. मांडवीच्या एका खलाशाच्या घरात जन्मल्या, भावाला शिकवलं, भाऊ वारला, भाचा डोंबिवलीला दीड खोलीत चौघांसह राहत होता. निवृत्त झाल्यावर त्या आपल्या पायांनी आश्रमात आल्या. "मला कोणी टाकलेलं नाही," असं त्या पहिल्या भेटीतच सांगत, "मी आले आहे." पण दुसरीकडे जायला जागा नव्हती, हेही खरंच होतं.

एक्स्चेंजमधली त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. पावसाळ्याच्या तोंडाला मिरकरवाड्याच्या एका बाईचा नवरा होडीसकट बेपत्ता झाला होता, आणि होडी मुंबईच्या बंदराला लागल्याची कुणकुण होती. बिचारी सकाळपासून कॉल लावून बसली होती. तेवढ्यात एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरून मुंबईची लाइन मागितली गेली, लगेच. वत्सलाबाईंनी नंबर लिहून घेतला आणि आपला कॉल रांगेत आहे, असं सांगितलं. साहेब स्वतः फोनवर आले. आपण कोण आहोत ते त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, रांग मी लावलेली नाही. पण मोडणारही नाही." मिरकरवाड्याच्या बाईचं बोलणं झालं, नवरा जिवंत निघाला, आणि वत्सलाबाईंची खेडला बदली झाली. ही गोष्ट कोणी कौतुकाने काढली तर त्या वैतागत. खेडला पाणी चांगलं होतं, एवढंच म्हणत.

आश्रमात त्यांचं पहिलं भांडण माशावरून झालं. जेवण शाकाहारी होतं. बाई बुधवारी मागच्या पडवीत वातीच्या स्टोव्हवर सुके बोंबील भाजायच्या. वास सगळ्या टेकडीवर जायचा. व्यवस्थापक नाना म्हणजे भला, देवभोळा, सदा सोवळ्यात असल्यासारखा अंग चोरून चालणारा माणूस. त्यांनी हात जोडून सांगितलं, बाई, हे बरं नाही. बाईंनी त्यांना विचारलं, समुद्र दिसू नये म्हणून खिडक्या कधी बंद करताय? पुढे नाना बुधवारी मागच्या बाजूला फिरकायचे नाहीत. भांडण असं मिटायचं.

बाईंची मैत्रीण एकच, द्वारकाकाकू. संगमेश्वरकडच्या आतल्या खेड्यातल्या, शेतकरी घरच्या, मुलगा मुंबईला गिरणीत. दोघींचा स्वभाव, बोली, खाणं, काहीच जुळत नव्हतं. काकू बोंबलाच्या वासाला नाक धरायच्या आणि तरी बाईंच्या शेजारीच बसायच्या. काकू अखंड बोलत. गावचा फणस कोणाच्या हद्दीत, कोणाच्या सुनेने कोणाला काय म्हटलं, सगळं. बाई मधूनच "खोटं" म्हणायच्या, आणि काकू दुप्पट जोराने पुढे चालू. हे मी दर गुरुवारी ऐकायचो आणि पुस्तकं बदलून देण्यात मुद्दाम वेळ काढायचो.

आता त्या संध्याकाळच्या प्रथेबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आश्रमात सगळ्यांचं औषध संध्याकाळच्या आरतीनंतर देत. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या भिंतीला, पाटांवर रांगेने बसत. प्रत्येकाचा पाट ठरलेला. नाना दुपारीच फणसाच्या पानांचे छोटे द्रोण टाचत आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या गोळ्या त्यात घालून, द्रोण तबकात पाटांच्या क्रमाने मांडत. आरती झाली की सरला नावाची मदतनीस देवाकडच्या टोकापासून एकेक द्रोण प्रत्येकीच्या ओंजळीत उपडा करत जायची. मागून तीर्थाची पळी. गोळी तीर्थाबरोबर गिळायची. औषध घ्यायला कुरकुरणारी म्हातारी माणसंही अशी मुकाट्याने गिळत, आणि नानांना या युक्तीचा फार अभिमान होता. देवासमोर ओंजळीत पडलेलं काय आहे, हे कोण विचारणार? नाना त्या वेळी रांगेकडे पाठ करून, डोळे मिटून देवासमोर उभे असत.

बायकांच्या रांगेत देवाच्या सर्वांत जवळ गंगूआजी बसायच्या. मग यमुनाआत्या, मग द्वारकाकाकू, मग वत्सलाबाई, मग आणखी दोघीतिघी दारापर्यंत. त्या वर्षी दिवाळीनंतर गंगूआजी वारल्या. त्यांच्या पाटाच्या जागी रीतीप्रमाणे तेरा दिवस पणती लावली. यमुनाआत्या भित्र्या. पणतीला लागून बसायला त्या घाबरल्या आणि आपला पाट उचलून थेट दाराच्या टोकाला जाऊन बसल्या. तेरा दिवस संपले, पणती गेली, आत्या मात्र तिथेच राहिल्या. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर द्वारकाकाकू गप्प झाल्या.

मी गुरुवारी गेलो तर भिंतीला टेकून पेंगत होत्या. पुढच्या गुरुवारीही. बाई शेजारी बसून त्यांना हलवत, मुद्दाम खोटंनाटं काही बोलून चिडवायचा प्रयत्न करत. काकू जीभ जड झाल्यासारख्या म्हणाल्या, "गो वत्सला, माजा डोका जड झालाय. काय झालाय ता कळत नाय." सगळे म्हणत, वय झालं. नाना म्हणाले, गंगूआजींचं जाणं मनाला लागलं. बाईंनी मला पायरीपर्यंत सोडताना विचारलं, "लायब्ररी, वय असं एका आठवड्यात होतं का हो?"

मग यमुनाआत्यांना झटका आला. त्यांना पूर्वीपासून झटक्यांचा आजार होता, पण औषधाने कित्येक वर्षं तो दबून होता. आता आरतीला बसल्या बसल्या त्या ताठ झाल्या, तोंडाला फेस आला, जीभ चावली गेली. नानांना लगेच वाटलं, आत्या पणतीजवळून उठून गेल्या, त्याचाच हा कोप. त्यांनी गुरवाला बोलावून गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. दर शनिवारी येणारे डॉक्टर तरुण आणि चांगले होते. त्यांनी आत्यांना तपासून झटक्यांच्या गोळ्या वाढवून दिल्या.

आणि त्याच आठवड्यात द्वारकाकाकू धुण्याच्या दगडावर पडल्या. कपाळ फुटलं. टाके घालताना त्या पुऱ्या जाग्याही झाल्या नाहीत.

बाईंनी तेव्हा काय जुळवलं, कसं जुळवलं, ते मला नीट माहीत नाही. विचारलं तर म्हणाल्या, एकीला औषध वाढवलं आणि दुसरीला झोप वाढली. कुठली तार कुठे जोडली गेली आहे, एवढंच बघायचं होतं. काकूंची आणि त्यांची स्वतःची गोळी एकच, रक्तदाबाची. म्हणून आपल्या ओंजळीकडे बघून त्यांना इतके दिवस काही कळलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी काकूंना आपल्या पाटावर बसवलं आणि स्वतः काकूंच्या पाटावर बसल्या. सरला आली. दिवे मिणमिणते, तिचं लक्ष द्रोणांच्या क्रमाकडे. बाईंच्या ओंजळीत काकूंच्या वाट्याचं पडलं. बाईंनी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी दुपारी पोचलो तेव्हा बाई खाटेवरून नुकत्या उठत होत्या. डोळे तांबडे, केस पिंजारलेले, बोलणं ओढल्यासारखं. आणि चेहऱ्यावर मी कधीही न पाहिलेला आनंद. पडवीत काकू बसल्या होत्या, कपाळाला पट्टी, आणि हळूहळू का होईना, फणसाच्या हद्दीची गोष्ट सांगत होत्या.

"लायब्ररी," बाई म्हणाल्या, "इथे गोळी माणसाला मिळत नाही. पाटाला मिळते."

मला समजायला वेळ लागला. गंगूआजींचा द्रोण नानांनी बंद केला होता, बाकीचे पूर्वीच्याच क्रमाने मांडत होते. यमुनाआत्या टोकाला गेल्या होत्या. म्हणजे आत्यांचा, झटक्यांच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा द्रोण काकूंच्या ओंजळीत, काकूंचा बाईंच्या, बाईंचा पुढचीच्या, आणि दाराशी बसलेल्या आत्यांना कोणाची तरी ताकदीची गोळी. असे कितीतरी दिवस. मी म्हणालो, तुम्ही हे गिळायला नको होतं, काहीही झालं असतं. त्यावर त्या म्हणाल्या, "द्वारकेला होतच होतं की."

त्यांनी नानांना सांगितलं. त्या संध्याकाळी द्रोण योग्य क्रमाने मांडले गेले, यमुनाआत्यांना हाताला धरून जुन्या जागी बसवलं, आणि नानांनी बाईंना विनवलं, झालं ते झालं, आता बोभाटा नको. देणगीदार काय म्हणतील? बाईंच्या मागण्या दोन होत्या. सरलेने गोळी देताना प्रत्येकीचं नाव घ्यावं, आणि डॉक्टरांना खरं सांगावं. कारण आत्यांची गोळी डॉक्टरांनी वाढवली होती ती चुकीच्या समजुतीने. आता ती वाढलेली मात्रा खरोखरच आत्यांच्या पोटात जाऊ लागली होती. नाना म्हणाले, प्रसादाच्या वेळी नावं पुकारायची म्हणजे रेशनचं दुकान झालं. डॉक्टरांचं बघतो म्हणाले. बघितलं नाही.

शनिवारी बाईंनी स्वतःच डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं. नाना वाईट माणूस नव्हता, हे मी पुन्हा लिहितो. पण भ्यालेला भला माणूस काय करील, याचा नेम नसतो. ते हळू आवाजात म्हणाले की बाईंचा गैरसमज झाला आहे, अलीकडे त्यांना जरा भास होतात. डॉक्टरांनी मान हलवली आणि जाताना बाईंना मन शांत राहायची एक गोळी लिहून दिली.

हे सांगताना बाई हसत होत्या. असं हसू मला परत बघायचं नाही. "मला पण दिली. आता माझंही वय होणार बघा." त्या दिवसापासून त्यांनी तीर्थ घेतलं, गोळी घेतली नाही. ओंजळ पालथी करायच्या. विश्वस्तांचे अध्यक्ष गाडीने वर आले आणि समजावून गेले: आश्रमाचे नियम आहेत, जमत नसेल तर भाच्याला कळवावं लागेल. बाई म्हणाल्या, कळवा, पत्ता देते.

आश्रमाचा वर्धापनदिन पुढच्या आठवड्यात होता. दरवर्षी त्या दिवशी गावातली मोठी माणसं आरतीला येत, आणि रांगेने बसलेली म्हातारी मंडळी देवासमोर शिस्तीत औषध घेतात, हे त्यांना कौतुकाने दाखवलं जाई. डॉक्टर पाहुण्यांत बसले होते. वाचनालयातर्फे मीही मागे उभा होतो.

बायका आल्या आणि बसल्या. मला आधी काही जाणवलं नाही. मग दिसलं, की दाराशी बसणारी देवाजवळ आहे, यमुनाआत्या मध्ये आहेत, काकू टोकाला. एकही आपल्या पाटावर नव्हती. आरती झाली. नाना डोळे मिटून उभे. सरलेचा हात पहिल्या ओंजळीवर क्षणभर थबकला, तिने बाईंकडे पाहिलं, आणि मग ती द्रोण उपडे करत गेली. तीर्थाची पळी आली. कोणीच हात तोंडाकडे नेला नाही.

सगळ्या ओंजळी पुढे धरलेल्या, आत एकेक, दोनदोन गोळ्या. पाहुण्यांत कुजबुज झाली. अध्यक्ष हसून म्हणाले, घ्या, घ्या, तीर्थ घ्या.

वत्सलाबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. तो आवाज समोरच्या भिंतीपर्यंत पोचवायला त्यांना कष्ट पडत नसत.

"डॉक्टर, इकडे या. या रांगेत एकीच्याही हातात तिची गोळी नाही. तुम्हीच लिहून दिल्यात, तुम्हीच ओळखा."

अध्यक्ष म्हणाले, बाई, देवासमोर हा तमाशा कशाला? तेव्हा यमुनाआत्या, ज्या पणतीलाही भ्यायच्या, त्या हात तसाच धरून म्हणाल्या, "तमाशा नाय ओ. ही माजी नाय, येवढाच सांगतंय."

डॉक्टर उठले. त्यांनी पायातले बूट काढले, रांगेपाशी गुडघ्यावर बसले आणि पहिल्या ओंजळीपासून सुरुवात केली. नाव विचारायचे, गोळी बघायचे, पुढे सरकायचे. यमुनाआत्यांची वाढवलेली गोळी त्यांना रांगेच्या भलत्याच टोकाला सापडली. ती हातात घेऊन ते थांबले, आणि आत्यांना झटका आला त्या दिवसांत त्या कुठे बसत होत्या, ते विचारलं. आत्यांनी दाराकडे बोट केलं. डॉक्टर बाईंसमोर आले तेव्हा काहीतरी बोलायला बघत होते. बाई म्हणाल्या, "आधी रांग पुरी करा." नानांनी आता डोळे उघडले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी आत्यांची मात्रा कमी केली. यापुढे नाव पुकारल्याशिवाय गोळी दिलीत तर मी येणार नाही, असं त्यांनी पाहुण्यांदेखत सांगितलं. बाईंची शांततेची गोळीही रद्द केली. सरला दुसऱ्या दिवसापासून खणखणीत आवाजात नावं घेऊ लागली, आणि देवाचं त्यात काही बिघडलं नाही.

पण विश्वस्तांचं बिघडलं होतं. पाहुण्यांसमोर आश्रमाची बदनामी केली म्हणून बाईंनी माफी लिहून द्यावी, नाहीतर जागा सोडावी, असं त्यांनी ठरवलं. भाचा डोंबिवलीहून आला. बिचारा सरळ मुलगा. आत्या, सही करून टाक ना, असं त्याने हळूच म्हणून पाहिलं. बाईंनी त्याला जेवू घातलं, पोरांसाठी काजू बांधून दिले आणि संध्याकाळच्या एस्टीने परत पाठवलं. मी एकदा विचारलं, की दोन ओळी लिहून दिल्या तर काय होईल? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, त्या दोन ओळी लिहिल्या की द्वारकेचं कपाळ वयाने फुटलं असं होईल.

त्या शेवटपर्यंत तिथेच राहिल्या आणि आपल्या खाटेवर गेल्या. सही त्यांनी केली नाही, आणि त्यांना बाहेर काढायची हिंमत कोणाला झाली नाही. हे मला नंतर कळलं. माझी चिपळूणच्या वाचनालयात नेमणूक झाली होती, आणि निघण्याआधीच्या गुरुवारी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

चैत्राची दुपार होती. पडवीत बाई पाटावर बसल्या होत्या, पुढे द्वारकाकाकू, आणि बाई त्यांचे पांढरे केस विंचरत होत्या. कपाळावरचा व्रण उघडा पडला होता. काकूंच्या गावचा फणस आता कोर्टात गेला होता. पायऱ्यांशी अध्यक्षांची गाडी उभी, इंजिन चालूच. अध्यक्ष कागद आणि पेन घेऊन उन्हात उभे होते. तिसऱ्यांदा आले होते, असं सरला मला कुजबुजली. त्यांनी खाकरून हाक मारली. बाईंनी मान वर केली नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वेणी व्हायचीय अजून."

आणि घातलेले पेड सोडून त्यांनी परत पहिल्यापासून विंचरायला घेतलं.

निरोप घ्यायला ती वेळ नव्हती. मी रिकामी पिशवी उचलली आणि उतरायला लागलो. वळणापर्यंत आलो तरी मागे इंजिनाची घरघर चालू होती, आणि तिच्यावरून काकूंचा आवाज येत होता. कोर्टात कोण काय म्हणालं, वकिलाने काय केलं, साक्षीला कोण फिरला. बाई मध्येच म्हणाल्या, "खोटं." काकूंनी आवाज चढवला. मग इंजिन बंद झालं. अध्यक्षांनीही थांबायचं ठरवलं असावं. काकू बोलतच होत्या.